तिला पलंगाखालीच राहू दे

तिला घरी आणायचं ठरलंय म्हणालीस आणि पाठोपाठ फोटो पाठवलास. भिंतीला पाठ, शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसतंय. खाली तुझं वाक्य : "ताई, इतकं प्रेम करीन ना, आठवड्यात सगळं विसरेल." धाकटे, रागावू नको, पण पहिल्या आठवड्यात तिला तुझं प्रेम नकोच आहे. तिला एक कोपरा हवाय, पाण्याचं भांडं हवंय, आणि आपल्याकडे कुणी टक लावून बघत नाहीये एवढी खात्री हवीय. जवळ घेतलं की भीती जाते, हे आपण आपल्या लेकरांवरून ठरवून टाकलेलं असतं. घाबरलेल्या कुत्र्याला मिठीत घेतलं की त्याची पळायची वाट बंद होते, आणि वाट बंद झालेलं कुत्रं चावतं.

तू सासरी गेलीस तेव्हाचं आठव. बघायला येणाऱ्या बायकांची रीघ, जो तो हनुवटीला हात लावून 'खा गं, लाजू नको' म्हणणारा. तुला तेव्हा फक्त आतल्या खोलीत दार लोटून घटकाभर पडायचं होतं. हिलाही तेच करू दे.

'फार मारलंय हो बिचारीला कुणीतरी' असं अशा कुत्र्याबद्दल सगळेच म्हणतात. असेलही. पण नसेलही, आणि तो फरक तुला माहीत असलेला बरा. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून तेरा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जग काय असतं ते शिकतं. त्या दिवसांत माणसाचा हात, आवाज, वास सवयीचा झाला तर माणूस आपला. नाही झाला तर माणूस म्हणजे धोका. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत काही पिल्लं कुंपणाच्या आत, पण माणसाचा स्पर्श न होऊ देता वाढवली होती. १९६१ साली तो प्रयोग छापून आला. चौदा आठवड्यांनी त्यातली जी पिल्लं पहिल्यांदा माणसांच्या हाती आली, ती रानटी जनावरासारखी बिचकत होती. त्यांना कुणी एक फटकासुद्धा मारलेला नव्हता. तुझी ही बाई मार्केट यार्डाच्या मागे कुठल्यातरी पोत्यांच्या थप्पीत जन्मली असेल, तर तिला विसरायला काही नसेलच कदाचित. तिला सगळं नव्याने शिकायचंय. म्हणून 'आठवड्यात विसरेल' हा हिशोब मनातून काढ. कुत्री दत्तक देणारी मंडळी एक ठोकताळा सांगतात : तीन दिवस भेदरण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने हे घर आपलं वाटायला. बुजऱ्या कुत्र्याला याच्या दुप्पट-तिप्पटही लागतात, आणि काही कुत्री जन्मभर पाहुणे आले की पलंगाखाली जातात. तेही चालतं गं. पाहुण्यांना काय कमी पडतं त्याने?

आता जागा. तुमचं सांगलीच्या गावभागातलं घर मोठं, पण त्यात दारंच फार. सोपा तर तिला देऊच नको, तिथून रस्ता दिसतो आणि दिवसभर माणसांची ये-जा. मधल्या खोलीतला पलंग बरा. त्याच्याखाली जुनी वाकळ अंथर, जवळ पाणी ठेव, आणि घरात सगळ्यांना बजाव : ती पलंगाखाली असताना तिला कुणी बाहेर ओढायचं नाही, हात आत घालायचा नाही, वाकून बघायचंसुद्धा नाही. पोरांना हे सांगणं अवघड जाईल, पण हा नियम त्यांच्यासाठीच जास्त आहे.

वाकण्यावरून एक सांगते. आपल्याकडचं रस्त्यावरचं कुत्रं काठीइतकंच वाकणाऱ्या माणसाला घाबरतं. माणूस वाकला म्हणजे दगड उचलणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तू चपलेचा बंद लावायला वाकशील आणि ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लघवी करेल. तुला वाटेल, मी काय केलं? म्हणून तिच्यासमोर वाकायचंच नाही. तिला दिसेल असं, लांबवर, सावकाश जमिनीवर बसायचं. केरसुणी तिच्या खोलीत काही दिवस तरी नको, ओल्या फडक्याने पुसून घे. आणि घरात 'हाड' हा शब्द बंद. जावईबापूंना खास सांग, त्यांच्या तोंडी तो बसलाय. तिने आजवर माणसाच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द तोच असणार.

बसायचं ते तिच्याकडे कूस करून. डोळ्याला डोळा नको. हातात पुस्तक घे, शेंगा फोड, शाळूचं पीठ चाळ, काहीही कर. मधूनच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तिच्या बाजूला टाक आणि परत आपल्या कामाला लाग. तिने खाल्ला का ते बघू नको. ती तुझ्यासमोर खायला लागली की समज पहिली पायरी चढली. मग तुकडा तुझ्या अंगापासून थोडा जवळ पडू दे. ती हुंगायला आली तर हात लावायची घाई करू नको. पुढे कधी लावशील तेव्हा गळ्याखाली किंवा छातीला लाव, डोक्यावरून हात नेऊ नको, आणि दोन-तीन वेळा खाजवून हात काढून घे. ती तिथेच उभी राहिली किंवा पुढे सरकली तर आणखी हवंय. मान फिरवली, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, अंग ताठ झालं, तर पुरे. ही तिची भाषा आहे आणि ती अगदी स्वच्छ बोलते, आपण ऐकत नाही एवढंच.

ती गुरगुरली तर घरातलं कुणीतरी नक्की म्हणेल, 'आत्ताच दटाव, नाहीतर डोक्यावर बसेल.' मुळीच दटावू नको. गुरगुरणं म्हणजे 'आणखी जवळ येऊ नको' ही सूचना. ती सूचना मारून बंद केली की पुढच्या वेळी ती न सांगता चावेल. उलट तिने सांगितलं की थांबून दोन पावलं मागे हो. तिला कळू दे की या घरात नुसतं सांगून भागतं.

आणखी एक जुनं शास्त्र तुझ्या कानावर येईल : घाबरलेल्या कुत्र्याला चुचकारलं तर भीती वाढते. तसं काही नसतं. भीती हा काही नखरा नाही की लाड केल्याने वाढावा. कुकरच्या शिट्टीला दचकून ती आपणहून तुझ्याजवळ आली तर खुशाल जवळ बसू दे. फक्त तू तिच्यामागे जाऊ नको.

शिट्टीवरून आठवलं. कुकर, मिक्सर, इन्व्हर्टरची टीं टीं, सकाळची घंटागाडी, हे सगळं तिला एकाच दिवशी भेटणार आहे. पहिले काही दिवस मिक्सर लावताना मधलं दार लोटून घे. नंतर आवाज आला की लगेच चिकनचा तुकडा, असं जमवत जा. आधी आवाज, मग तुकडा. उलटं केलंस तर ती तुकड्यालाच घाबरायला लागेल.

आता जे सांगते ते दोनदा वाच. बुजरं कुत्रं हरवतं ते पहिल्या दिवसांत, आणि हरवतं ते दारातून. दूधवाला आला, पोरगं खेळायला पळालं, दार किलकिलं राहिलं, गेली. तिला अजून तुझं घर घर वाटत नाही, त्यामुळे ती परत यायलाच निघणार नाही. म्हणून मधल्या खोलीचं दार आणि रस्त्याचं दार एकाच वेळी कधी उघडं राहणार नाही अशी शिस्त लाव. परड्याच्या भिंतीला जिथे दगड ढासळलेत तिथे ती चढून जाईल, ते आधी बुजवून घे.

बाहेर नेताना नुसता गळ्यातला पट्टा पुरणार नाही. घाबरलेलं कुत्रं मागे रेटा देतं आणि डोकं पट्ट्यातून सर्रकन निसटतं. फोटोतलं तिचं लांबट तोंड आणि बारीक कंबर बघून मला तर वाटतं, तिच्यात जतकडच्या कारवानीचं रक्त असावं. कारवानी काय, मुधोळ काय, या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा रुंद असते, त्यांना साधा पट्टा म्हणजे नुसता दागिना. छातीला बसणारा हार्नेस घे आणि गळ्यात ओढल्यावर थोडा आवळणारा, पण गळफास न होणारा मार्टिंगेल पट्टा घाल. दोन्हींना वेगळी दोरी, दोन्ही दोऱ्या तुझ्या हातात. कारवानीच्या जातीचं कुत्रं एकदा सुटलं की सांगलीवाडीच्या पुलापर्यंत मागे बघत नाही. आणि सुरुवातीला बाहेर नेऊच नको. परड्यातच सकाळी उठल्यावर, प्रत्येक खाण्यानंतर आणि रात्री झोपायच्या आधी ठरलेल्या जागी ने. घरात केलं तर फिनेल न ओतता पुसून टाक आणि गप्प बस.

तरी सुटलीच तर मागे धावायचं नाही. हाका मारत गल्लीभर फिरायचं नाही. तिच्या लेखी तो पाठलागच. ती बहुतेक जवळच कुठेतरी दडलेली असेल आणि रात्री उशिरा किंवा पहाटे हालेल. जिथे शेवटची दिसली तिथे तिची वाकळ ठेव, रोज त्याच वेळी त्याच जागी खाणं ठेव. चहाच्या टपरीवाल्याला, घंटागाडीवरच्या मावशींना, रात्रीच्या गुरख्याला फोटो दे आणि सांग : पकडायला जाऊ नका, फक्त फोन करा. दिसली तर तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बस आणि खाण्याची पिशवी वाजव. याला धीर लागतो, पण मिळतात गं अशी कुत्री.

खाण्याचं थोडक्यात. भाकरी, भात, उकडलेलं अंडं, चिकन, थोडं ताक, सगळं चालतं. तिखट-मीठ नको, कांदा-लसूण अजिबात नको, त्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपलं कालवण नको आणि भडंगही नको. शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत, ती टोकदार तुटतात. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण तुझ्या घराला वेगळा धोका आहे, तो म्हणजे तासगावचा मळा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासमान आहेत. मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, दुसऱ्याला थोड्याशाने भोवतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे द्राक्षातलं टार्टरिक आम्ल असावं असं मांडलं, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. तुमच्याकडे हंगामात बेदाण्याची पेटी सोप्यात उघडीच असते, पोरं येता-जाता बकाणा भरतात, चार दाणे खाली सांडतात. ती पेटी कपाटात गेली पाहिजे. खाल्लेच तर उलटी-जुलाबाची वाट बघत बसू नको, त्याच तासाला डॉक्टरकडे. आणि ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन तिला कधीच देऊ नको.

एक-दोन दिवस ती जेवली नाही तर घाबरू नको. पाणीही पीत नसेल, किंवा तिसरा दिवस उजाडला, तर दाखव. तिच्या कानाला खाच आहे का ते बघ. असली तर नसबंदी झालेली असते आणि बहुधा त्याच वेळी रेबीजची लसही टोचलेली असते. पण ती लस दरवर्षी द्यावी लागते, तेव्हा कागद हाती नसेल तर दिलीच नाही असं धर. शिवाय डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो यांची एकत्र लस, जंताचं औषध, आणि गोचीड. गोचिडीला हलक्यात घेऊ नको. कुत्रं मलूल झालं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर गोचीडताप असू शकतो, रक्त तपासून घ्यायला सांग. डॉक्टर घरी येऊन टोचत असतील तर पहिल्या वेळी ते उत्तम. सांगलीत ॲनिमल राहत २००३ पासून काम करतेय, मुख्यतः बैल, गाढवं, घोडे यांच्यासाठी. जनावर न घाबरवता कसं हाताळतात ते त्यांच्या माणसांकडून बघण्यासारखं आहे. मोठं काही निघालं तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नाव क्रांतिसिंह नाना पाटलांचं, म्हणजे तुमच्याच येडेमच्छिंद्रच्या माणसाचं. आम्हा सातारकरांना ते जवळ, तुला मात्र लांब पडेल.

तिने कुणाला चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग सरळ दवाखाना. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळते. ठरलेले सगळे डोस पुरे करायचे, मधला एकही चुकवायचा नाही. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यातून माणूस वाचणं जवळपास अशक्य, तेव्हा इथे भिडस्तपणा नको.

सासूबाईंचं म्हणालीस की त्यांना कुत्रं घरात नको आहे. त्या दर गुरुवारी औदुंबरला जातात ना? दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना हात जोडून येतात. भांडू नको, हसत हसत काढ विषय. नाहीतर त्यांना घेऊन साताऱ्याला ये, मी संगम माहुलीला नेते. कृष्णा-वेण्णेच्या काठी शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं आणि त्याला पालखीचा मान मिळाला, असं आमच्याकडे सांगतात. सासूबाईंना पालखीचं नक्की पटेल. पण खरं सांगू, त्यांनी कुत्र्याचं काही करायची गरजच नाही. त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर ती आधी त्यांच्याच जवळ जाऊन बसेल, बघ. बुजऱ्या कुत्र्यांना दुर्लक्ष करणारी माणसं फार आवडतात.

'सध्या साखळीने परड्यात बांधू, सवय झाली की आत घेऊ' असं कुणी सुचवलं तर ऐकू नको. सदा आखूड साखळीने बांधून ठेवणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने क्रूरता ठरते, ते एक. दुसरं म्हणजे बांधलेलं बुजरं कुत्रं दूर जाऊच शकत नाही, मग ते अंगावर जायला शिकतं. आणि तिला कधी आपल्या कराडकडच्या माहेरी आणलंस तर रात्री ओट्यावर अजिबात बांधू नको. उसात बिबट्या आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागातल्या बिबट्यांचं खाद्य तपासलं तेव्हा त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. अकोलं अहिल्यानगर जिल्ह्यात, पण तिथलाही ऊस तोच आणि बिबट्याही तोच. बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट.

गणपतीत डॉल्बी आणि दिवाळीत फटाके, हे तुमच्या गल्लीत चुकणार नाही. त्या दिवसांत संध्याकाळच्या आतच तिचं परड्यातलं उरकून घे. मग खिडक्या बंद, पंखा मोठा, टीव्ही चालू, आणि रस्त्याच्या दाराला आतून कडी. डॉक्टरांना महिनाभर आधी विचारलंस तर भीतीसाठी औषधही देतात. ते द्यायला लाजू नको.

आणि पुराचं पाणी. २००५, २०१९, २०२१, गावभागाला मी सांगायला नको. कृष्णा आमच्याकडून तुमच्याकडे येते, कोयनेचं पाणी घेऊन. जुलै लागला की तिचा हार्नेस, दोन्ही दोऱ्या, लसीच्या कागदाचा फोटो आणि चार दिवसांचं कोरडं खाणं एका पिशवीत दाराशी लटकव. आयर्विन पुलावरचा आकडा वाढायला लागला की सगळ्यात आधी तिला माझ्याकडे पोचव. लोक शेवटच्या घटकेला होडीत बसतात, आणि बुजरं कुत्रं होडीत चढत नाही. बांधून तर कुणालाच मागे ठेवायचं नाही, गाय असो की कुत्रं.

हे सगळं वाचून तुला वाटलं की नाही जमणार, तर आत्ताच नाही म्हण. मी काही बोलणार नाही. अशी कुत्री बारा-चौदा वर्षं सहज जगतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायला मुभा दिली, आणि ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. आदेश नसता तरी ती होतीच. दोन महिने घरात ठेवून परत रस्त्यावर सोडलेलं कुत्रं आधीच्या गल्लीलाही परकं झालेलं असतं.

जमणार असेल तर शनिवारी आण, पण त्याआधी दोन कामं कर. परड्याची भिंत बुजवून घे, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर तुझा आणि माझा असे दोन्ही फोन नंबर शिवून घे. घरी आणल्यावर करू म्हणू नको, गाडीतून उतरतानाच ती सुटू शकते.